अन्नाविषयी काय लिहावे?

अन्न हा मनुष्याच्या नित्य परिचयाचा विषय आहे. तरीही घरच्या अन्नाविषयी चार ओळी लिहा असे सांगितले, की पुष्कळ विद्यार्थी लेखणी हातात धरून स्वस्थ बसून राहतात. ज्यांना काही सुचते, ते बहुधा श्रीखंड, बासुंदी किंवा पुरणपोळी यांच्याकडे वळतात. रोजच्या भाकरीत लिहिण्यासारखे ते काय असणार, असे त्यांना वाटते. ही समजूत फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे आपले नुकसानही बरेच झाले आहे.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. राजाच्या ताटात काय वाढले जाई आणि ते कसे शिजवीत, हे आज आठ-नऊशे वर्षांनंतरही आपण वाचू शकतो. परंतु त्याच काळी शेतात राबणारा कुणबी दुपारी काय खात होता आणि ते त्याच्या घरी कसे रांधले जाई, याची इतकी तपशीलवार हकीकत कोणी लिहून ठेवली नाही. जे लिहिले गेले ते टिकले. जे क्षुल्लक म्हणून सोडून दिले ते बहुतांशी लोपले. तेव्हा काय लिहावे हे ठरविणे म्हणजे एका अर्थी काय टिकवावे हेच ठरविणे होय.

मग विषय निवडावा कसा? याचे एक उत्तम उदाहरण वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या. तोच मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक, 'लीळाचरित्र'. म्हाइंभट स्वतः विद्वान होते. पण त्यांनी केवळ तत्त्वचर्चा टिपली नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी लहानसहान प्रसंगही विचारून घेतले. एकच प्रसंग दोघांनी निरनिराळा सांगितला, तर तो फरकही नोंदविला. म्हणूनच त्या काळच्या लोकांचे बोलणे-चालणे व खाणे-पिणे यांची ओळख आपल्याला त्या ग्रंथातून होते. जे जवळ आहे, ते जाणत्याला विचारून जसेच्या तसे लिहावे, हा धडा त्यातून मिळतो.

आता हा धडा अन्नाला लावून पाहू. 'वऱ्हाडातील खाद्यपदार्थ' हा विषय घेतला, तर लेखात पदार्थांच्या नावांची केवळ जंत्री होईल. त्याऐवजी एकच पदार्थ घ्यावा आणि त्याला 'का?' असे विचारीत जावे. समजा, कळण्याची भाकरी घेतली. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेले पीठ. ज्वारीत उडीद का मिसळतात? वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत ही दोन्ही पिके पावसाळ्यातच घेतात; जे शेतात पिकले तेच जात्यात पडले. शिवाय उडदामुळे भाकरीला चव येते आणि तिचा कसही वाढतो. ज्वारीचे पीठ पुष्कळदा गरम पाण्यात का मळतात? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले, की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. गरम पाण्याने ते पुन्हा मिळून येते. पाहता पाहता एका भाकरीतून शेत, पाऊस, जाते आणि गृहिणीचे शास्त्र ही सारी दिसू लागतात.

रोडग्यांचेही तसेच आहे. जाडसर दळलेल्या कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तूप घालून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खातात. हा स्वयंपाक पुष्कळदा गावाबाहेर झाडाखाली होतो आणि आप्तेष्ट, शेजारीपाजारी तेथे पंगतीला येतात. केवळ कृती सांगितली तर रोडगा अर्धाच सांगितला जाईल; उरलेला अर्धा त्या पंगतीत असतो.

अनेक पदार्थ असतील, तर त्यांतून प्रथम कोणता घ्यावा? जो लवकर विसरला जाण्याचा संभव आहे, तो आधी घ्यावा. गेल्या काही दशकांत वऱ्हाडात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि सोयाबीन वाढले. पीक बदलले, की ताटही बदलते. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अशा संस्थांत ज्वारीचे बियाणे जतन करता येते. परंतु त्या ज्वारीच्या कण्या किती वेळ शिजवाव्या, आंबील केव्हा उतरवावी, धापोडे वाळत घालताना पीठ किती सैल असावे, हे ज्ञान कोणत्याही कोठारात साठविता येत नाही. ते एखाद्या आजीच्या हातात असते. मेळघाटातील कोरकू कुटुंबांत कुटकी कशी सडतात व मोहफुले कशी वाळवून ठेवतात, हे ज्ञानही असेच आहे. ते विचारायला गेले, तर "यात काय लिहायचं, बाप्पा!" असे उत्तर पुष्कळदा मिळते. गरिबीच्या अन्नाचा लोकांना संकोच वाटतो. पण दुष्काळात ज्या कण्यांनी घरे जगविली, त्यांत लाज वाटण्याजोगे काहीच नाही. असे उत्तर मिळाले, तर लिहिण्याजोगा विषय सापडला असे समजावे.

विषय ठरल्यावर माप पाहावे. आजी 'मूठभर' म्हणाली, तर ती मूठ वाटीने मोजून घ्यावी. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले, त्याचे एक कारण त्यातील वाटी-चमच्यांची नेमकी प्रमाणे हे होते. लिखाणाखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि शेवटी ते त्याच व्यक्तीला वाचून दाखवावे. तिने "हो, असेच करतो आम्ही" असे म्हटले, म्हणजे लेख पुरा झाला. तिने एखादी चूक दाखविली, तर ती आनंदाने दुरुस्त करावी. कारण त्या विषयातील खरी पंडित तीच असते.