लोडचं गणित: परवान्याच्या परीक्षेत गुणायचं कुठे, भागायचं कुठे?

हिंदमाताला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी बीबीए केलंय, इंजिनीअर नाही. हे गणित मी काउंटरवर उभा राहूनच शिकलो, तसंच तुम्हाला सांगतो.

आमचे एक जुने गिऱ्हाईक पंधरा वर्षं वायरिंग करतायत. हात एकदम साफ. पण परवाना नाही, म्हणून टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची, आणि त्या सहीपोटी नफ्यातला वाटाही दुसऱ्याचा. परीक्षेत ते अडकले ते लोडच्या गणितात. काम येतं, पण कागदावर मांडता येत नाही. म्हणून आजचा विषय हाच.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. नायगावला बीडीडी चाळींचा पुनर्विकास चाललाय. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचा फ्लॅट. खोलीत दोन दिवे, एक पंखा, एक सॉकेट असं काम भागायचं. फ्लॅटमध्ये काय काय लागेल? समजा, असं:

- दिवे 10 × 60 = 600 वॅट
- पंखे 4 × 60 = 240 वॅट
- 6 अँपिअरचे सॉकेट 6 × 100 = 600 वॅट
- 16 अँपिअरचे सॉकेट 4 × 1000 = 4000 वॅट

एकूण 5440 वॅट. हा झाला कनेक्टेड लोड, म्हणजे घरातलं सगळं एकाच वेळी चालू केलं तर होणारा लोड.

सर्किट किती? लाइटिंगच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त 10 पॉइंट किंवा 800 वॅट, जे आधी भरेल ते. आपले पॉइंट 20, वॅट 1440. दोन्ही बाजूंनी उत्तर 2. पॉवरच्या एका सर्किटवर दोन सॉकेट धरले तर तिथेही 2. एकूण चार सर्किट.

आता डिमांड फॅक्टर. गिझर, इस्त्री, मिक्सर, एसी सगळं एकदम कोण लावतं? प्रश्नात डिमांड फॅक्टर 0.6 दिला असेल तर गुणायचं: 5440 × 0.6 = 3264 वॅट. ही एका घराची मॅक्सिमम डिमांड.

करंट काढताना पॉवर फॅक्टर विसरू नका. 0.8 दिला असेल तर 3264 ÷ (230 × 0.8) = 17.7 अँपिअर. नुसतं 230 ने भागलंत तर 14.2 येतं. उत्तर चुकलं!

आता अख्खी इमारत. असे 12 फ्लॅट: 12 × 3264 = 39,168 वॅट. पण सगळ्या घरांची गर्दीची वेळ एकच नसते. कोणी सहाला गिझर लावतो, कोणी आठला. त्यासाठी डायव्हर्सिटी फॅक्टर. समजा 1.2 दिलाय, तर भागायचं: 39,168 ÷ 1.2 = 32,640 वॅट. प्रत्येक फेजवर चार फ्लॅट. थ्री फेजचा करंट = 32,640 ÷ (1.732 × 400 × 0.8) = सुमारे 59 अँपिअर. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचा लोड वेगळा मांडून यात मिळवायचा.

गोंधळ नेमका इथेच होतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: डिमांड फॅक्टर एकपेक्षा मोठा नसतो, म्हणून गुणा. डायव्हर्सिटी फॅक्टर एकपेक्षा लहान नसतो, म्हणून भागा. दोन्ही वेळा लोड कमीच झाला पाहिजे. उत्तर वाढलं तर समजा, कुठेतरी उलटं केलंय.

आणि एक गोष्ट. 16 अँपिअरच्या सॉकेटला 1000 वॅट धरायचे ते परीक्षेच्या कागदावर. साइटवर गिझरच्या पट्टीवर 2000 वॅट लिहिलेले असतात, तिथे 2000 च धरायचे. कागदावर चुकलात तर मार्क जातील. साइटवर चुकलात तर वायर तापेल, आणि त्या घरात माणसं झोपलेली असतात.

आज एक काम करा. स्वतःच्या घरातले पॉइंट मोजा आणि हेच गणित वहीत मांडा. पाच घरांचं केलंत की परीक्षेत हात थरथरणार नाही. आणि परवाना हातात आला की टेस्ट रिपोर्टवर सही तुमची, नफाही तुमचा.