डोळ्यांखाली काळी वर्तुळे का येतात? आयुर्वेदिक उपाय करण्याआधी कारण ओळखा

डोळ्यांखाली काळी वर्तुळे दिसू लागली की काकडी, बटाट्याचा रस, बदाम तेल असे प्रयोग सुरू होतात. एकाला गुण येतो, दुसऱ्याला काहीच फरक पडत नाही. कारण सगळी वर्तुळे सारखी नसतात.

वर्तुळांचे प्रकार कोणते?

• निळसर-जांभळी: डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यातून रक्तवाहिन्या दिसतात. जागरण, सर्दी किंवा ॲलर्जीमुळे त्या अधिक उठून दिसतात.
• तपकिरी: ऊन, सतत डोळे चोळणे किंवा आनुवंशिकता यामुळे मेलॅनिन वाढते.
• सावलीची: वय वाढल्यावर किंवा वजन घटल्यावर डोळ्यांखालचा भाग खोल जातो.

कसे ओळखाल?

आरशासमोर डोळ्यांखालची त्वचा हलकेच ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर कारण रंगद्रव्य असू शकते. निळसरपणा वाढला तर रक्तवाहिन्या. चेहऱ्यावर समोरून उजेड पडताच काळेपणा नाहीसा झाला तर ती सावली आहे. अनेकांमध्ये ही कारणे एकत्रही असतात.

कोणता उपाय कशावर?

काकडीच्या गार चकत्या १० मिनिटे ठेवल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज उतरते. हा परिणाम तात्पुरता असतो. तपकिरी वर्तुळांसाठी ज्येष्ठमध वापरतात. त्यातील ग्लॅब्रिडिन हा घटक मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया मंदावतो. केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध असलेल्या कुंकुमादी तेलाचा उल्लेख 'अष्टांगहृदय' ग्रंथात आहे. रात्री एक-दोन थेंब पुरतात. आधी हातावर लावून पाहा. सावली मात्र कोणत्याही लेपाने जात नाही.

झोप आणि आहार

आयुर्वेदाने झोपेला आहाराइतकेच महत्त्व दिले आहे. रोज किमान सात तास झोप घ्या, उन्हात गॉगल वापरा.

रक्त कमी असल्यास चेहरा फिकट पडतो आणि वर्तुळे ठळक दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे थकवा, धाप असेल तर क्रीम घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. आहारात अळीव, पालेभाज्या, कडधान्ये ठेवा. जेवणाबरोबर चहा टाळा. त्यामुळे लोह कमी शोषले जाते.

हे टाळा

• लिंबाचा रस डोळ्यांखाली लावू नका, जळजळ होऊन डाग वाढू शकतात. पोह्यांवर मात्र जरूर पिळा. लोह शोषायला मदत होते.
• घरी केलेला त्रिफळ्याचा काढा डोळ्यांत घालू नका. तो निर्जंतुक नसतो.
• स्टेरॉइड असलेली क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याविना नकोत.

एकाच डोळ्याखाली अचानक काळेपणा आला, सूज किंवा खाज राहिली तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.