अव्वल दोन टक्क्यांचे गौडबंगाल

'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या महाविद्यालयाचे प्राध्यापक!' गणपती-नवरात्राच्या सुमारास हा मथळा जिल्हा आवृत्त्यांत ठरल्यासारखा येतो. खाली शाल-श्रीफळाचा फोटो आणि 'स्टॅनफर्ड विद्यापीठाने निवड केली' हे वाक्य. सरांचे काम उत्तम असेलही, पण निवड स्टॅनफर्डने केलेली नसते. ही यादी त्या विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात, एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस माहितीसाठ्यातून. त्यासाठी अर्ज मागवले जात नाहीत, समिती बसत नाही, एकही पेपर कोणी वाचत नाही. सायटेशनचे, म्हणजे इतर पेपरांत झालेल्या उल्लेखांचे, सहा आकडे एकत्र करून संगणक क्रम लावतो. शिवाय याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाची. दोन्हींचे वजन सारखे नाही. आपले सर नेमके कोणत्या यादीत आहेत, हे बातमीत सहसा नसते.

दुसरा समज एच-इंडेक्सचा: आकडा जितका मोठा तितका शास्त्रज्ञ मोठा. हे माप 2005 साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचवले. तुमच्या वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस सायटेशन असतील, एकविसाव्याने मात्र दगा दिला असेल, तर तुमचा इंडेक्स वीस. हिशेब सोपा, म्हणून मुलाखतीच्या टेबलावर लगेच रुळला. पण हा आकडा वयाबरोबर फक्त वाढतो, माणूस निवृत्त झाला तरी. गणितात पेपर कमी निघतात आणि सायटेशन सावकाश येतात, जैववैद्यकात दोन्हींचा पूर असतो. त्यामुळे गणितज्ञाचा इंडेक्स जीवशास्त्रज्ञाशी ताडणे व्यर्थ. आणि आकडा लहान म्हणजे काम लहान, असेही नाही: भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी 1964 नंतर दहापेक्षाही कमी पेपर लिहिले आणि 2013 साली नोबेल घेतले. आजच्या काळात मला नोकरीच मिळाली नसती, असे ते म्हणत.

उलट, आकडा फुगवायला शास्त्रज्ञ असण्याचीही गरज नाही. 2010 साली ग्रनोबल विद्यापीठातल्या सिरिल लाबे यांनी आइक अँटकेअर नावाचा एक काल्पनिक संशोधक जन्माला घातला. निरर्थक पेपर रचणाऱ्या एका प्रोग्रॅमकडून त्याच्या नावावर शंभरेक पेपर लिहून घेतले, त्यांना एकमेकांची सायटेशन द्यायला लावली आणि ते सारे इंटरनेटवर टाकले. गूगल स्कॉलरने ते इमानेइतबारे मोजले. अँटकेअर साहेबांचा एच-इंडेक्स झाला 94! खुद्द हिर्श यांनीही 2020 साली, या मापाचे आपल्या ध्यानीमनी नसलेले गंभीर दुष्परिणाम झाल्याचे लिहून टाकले. आपल्याकडच्या निवड समित्यांच्या ते कानावर गेलेले दिसत नाही.

सायटेशन म्हणजे शाबासकी, असेही धरून चालतात. सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर म्हणून वर्षानुवर्षे ज्याचे नाव घेतले जाते, तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 मधला. सायटेशन तीन लाखांच्या वर. त्यात आहे काय, तर द्रावणातले प्रथिन मोजायची एक रीत. प्रयोगशाळेत ती वापरली की पेपरात लाउरींचे नाव घालायचे, एवढाच व्यवहार. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा पेपर मात्र 'नेचर'ने 2014 साली काढलेल्या पहिल्या शंभरांत नव्हताच. आणि अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998 चा पेपर? 'लॅन्सेट'ने तो 2010 साली मागे घेतला, तरी त्याची सायटेशन भरपूर आहेत. बहुतेक ठिकाणी तो चुकीचा कसा, हे सांगण्यासाठी त्याचा उल्लेख येतो. मोजणारा संगणक हा फरक करत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. तो जर्नलचा असतो, लेखकाचा नव्हे. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढेच तो सांगतो आणि सरासरी फसवी असते. 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा फॅक्टर 2009 साली दोनच्या आसपासून एकदम पन्नाशीला भिडला. कारण जॉर्ज शेल्ड्रिक यांचा, सायटेशनचा पाऊस पडलेला एकच पेपर. त्या अंकांतल्या बाकीच्या लेखकांची गुणवत्ता रातोरात पंचवीस पट झाली नव्हती.

राहिले सहलेखन. पहिले नाव मुख्य लेखकाचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे, हा रिवाज जैवविज्ञानात खरा आहे. गणितात नावे बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने येतात. 2015 साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेमधल्या अॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला. त्याला 5,154 लेखक. तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नावा-पत्त्यांची. सीएमएसमध्ये मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्थाही आहे. गुरुत्वीय लहरींच्या 2016 च्या पेपरातही हजारभर नावे आहेत आणि त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संशोधक आहेत. एवढ्या गर्दीत कोणाचा वाटा किती, हे नावाच्या क्रमावरून कळत नाही; ज्याने त्याने नेमके काय केले, ते त्यालाच विचारावे लागते. दोन टक्क्यांची यादी मात्र पहिल्या आणि शेवटच्या नावाला वेगळे वजन देते. अक्षरक्रम पाळणाऱ्या विषयात त्या वजनाचा लाभ कोणाला मिळतो, तर ज्याचे आडनाव 'ए'ने किंवा 'झेड'ने सुरू होते त्याला.