इडा टार्बेल : व्यापार आणि जकात यांची चौकशी करणारी लेखिका

वर्तमानपत्रांत लिहिणारा मनुष्य म्हणजे रोजच्या बातम्या गोळा करणारा, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मोठ्या व्यापाराचा नफा कोठून येतो आणि सरकारी कराचे ओझे अखेर कोणाच्या शिरावर पडते, हे कागदपत्र तपासून लोकांस समजावून देणे हेही त्याच धंद्याचे अंग आहे. या कामाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील इडा टार्बेल यांची गणना होते. त्यांचा वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल असे वाटल्यावरून तो येथे देत आहोत.

बाईंचा जन्म १८५७ साली पेन्सिल्व्हेनिया प्रांतात झाला. दोनच वर्षांनी त्या प्रांतात विहिरी खणून खनिज तेल काढण्यास आरंभ झाला. आपण ज्यास रॉकेल म्हणतो ते याच तेलापासून निघते. बाईंचे वडील तेलाची लाकडी टाकी बांधीत असत. १८७२ साली रॉकफेलर प्रभृती कारखानदारांनी आगगाडीच्या कंपन्यांशी एक गुप्त करार केला. भाडे सर्वांस वाढवावे, करारातील मंडळींस मात्र सूट द्यावी. इतकेच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्यांनी पाठविलेल्या प्रत्येक पिंपामागेही याच मंडळींस काही रक्कम मिळावी, असे ठरले होते. म्हणजे शेजाऱ्याच्या भाड्याने आपली तिजोरी भरावयाची! लोकक्षोभामुळे तो बेत मोडला, तथापि गुप्त सवलती बंद झाल्या नाहीत आणि अनेक लहान व्यापारी बुडाले.

१८८० साली बाई पदवीधर झाल्या. वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. पुढे काही काळ शिक्षिकेचे काम व पॅरिस येथे अभ्यास करून त्या 'मॅक्ल्यूअर्स' मासिकात आल्या. तेथे नोव्हेंबर १९०२ पासून स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास त्यांनी १९ लेखांकांत प्रसिद्ध केला.

त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. न्यायालयांतील साक्षी आणि सरकारी चौकशांचे अहवाल त्यांनी पानोपान वाचले. कंपनीचे एक प्रमुख अधिकारी हेन्री रॉजर्स यांस वारंवार भेटून त्यांची बाजूही ऐकून घेतली. अशातच एक प्रकार घडला. कंपनीच्या एका कचेरीत जुने कागद जाळण्याचे काम करणाऱ्या मुलास त्यांत आपल्या रविवारच्या शाळेतील शिक्षकांचे नाव दिसले. ते शिक्षक तेलाचेच स्वतंत्र व्यापारी होते. मुलाने ते कागद त्यांस दिले व त्यांच्याकडून ते बाईंच्या हाती आले. प्रतिस्पर्ध्यांचा माल कोठे जातो याची बातमी आगगाडीचे कारकून कंपनीस पुरवितात, हे त्यावरून उघड झाले. तो मजकूर छापल्यावर रॉजर्स यांनी भेटी बंद केल्या.

वडिलांचे नुकसान डोळ्यांदेखत पाहिलेल्या लेखिकेस सूडबुद्धीने लिहिणे सोपे होते. परंतु कंपनीची काटकसर, शिस्त व योजकता यांची स्तुती करण्यास त्यांनी एक सबंध प्रकरण दिले. कंपनी मोठी झाली हा त्यांचा आक्षेप नव्हता. ती अन्यायाने मोठी झाली, हा होता.

१५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी फोडण्याचा निर्णय कायम केला व तिच्या ३४ निरनिराळ्या कंपन्या झाल्या. हे सर्व श्रेय एका लेखमालेस देणे योग्य होणार नाही, परंतु लोकमत जागे करण्यात तिचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी बाईंनी जकातीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी मालावर जबर जकात बसविली म्हणजे देशी कारखानदारांचे फावते आणि गरीब गृहिणीस लोकरीचे कापड महाग पडते, हे त्यांनी त्यात दाखविले. १९१६ साली अध्यक्ष विल्सन यांनी जकात मंडळावर जागा देऊ केली असता त्यांनी ती नाकारली. १९४४ साली त्यांचा अंत झाला.

कर आणि भाडे हे विषय रुक्ष वाटतात खरे. पण ज्यास ते वाचण्याचा कंटाळा येतो, त्याच्या खिशातून पैसा नकळत जातो. आमच्या विद्यार्थ्यांनी अंकगणिताच्या तासास बसताना एवढे ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.