टेनिसचा चेंडू घरोघरी, टेनिस मात्र दूर
लहान गावातून व्यावसायिक टेनिसपटू घडतो कसा? बार्शी आणि श्रीरामपूरच्या दोन मुलींची वाटचाल काय सांगते?

प्रतिनिधी

आरे-वारे (जि. रत्नागिरी) - रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे आणि वारे हे जुळे किनारे लागतात. सुट्टीच्या दिवशी सायंकाळी, ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूवर मुलांचे डाव रंगतात. हातात बॅट असते आणि चेंडू असतो तो टेनिसचा. कोकणातील वाडीवाडीत हा चेंडू पोचला आहे. गावोगावच्या टेनिस-चेंडू क्रिकेट स्पर्धांसाठी मुंबईचे चाकरमानीही रजा काढून येतात. मात्र ज्या खेळासाठी हा चेंडू मुळात तयार झाला, तो खेळ येथे फारसा रुजला नाही.

यामागे हौसेचा अभाव नाही. टेनिसला मैदान लागते, प्रशिक्षक लागतो, वर्षभराचा सराव लागतो आणि सर्वांत मोठे म्हणजे दहा-बारा वर्षे टिकेल इतके पाठबळ लागते. त्यामुळे 'हा मोठ्या शहरांचा आणि श्रीमंतांचा खेळ' अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे खोटी नाही. पण पूर्णपणे खरीही नाही. महाराष्ट्राच्या दोन टेनिसपटूंनी ती निदान अंशतः खोडून काढली आहे. एक आहे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे आणि दुसरी पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. या दोघींच्या वाटचालीच्या आधारे व्यावसायिक टेनिसचे अंतरंग समजून घेता येते.

बार्शी ते रिओ

प्रार्थनाचा जन्म १९९४ चा. बार्शी हे बाजारपेठेचे गाव. ज्वारी-तुरीच्या व्यापारासाठी त्याचे नाव सर्वदूर आहे; टेनिसची परंपरा म्हणावी अशी तेथे नव्हती. तरीही वयाच्या विसाव्या वर्षी, २०१४ च्या इंचिऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने सानिया मिर्झाच्या साथीने महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हीच जोडी भारताकडून उतरली. चीनच्या झांग शुआई व पेंग शुआई यांच्याविरुद्ध पहिल्याच फेरीत तीन सेटच्या झुंजीनंतर भारतीय जोडी पराभूत झाली.

येथे ऑलिंपिक प्रवेशाचा एक नियम समजून घेणे उपयुक्त ठरेल. जागतिक दुहेरी क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला प्रवेश मिळतो आणि स्वदेशातील जोडीदार बरोबर नेता येतो. मात्र त्या जोडीदारालाही क्रमवारीत ठराविक स्थान राखावे लागते. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. प्रार्थनाला संधी मिळाली ती सानियामुळे, असे म्हणणे सोपे आहे. पण छोट्या-छोट्या स्पर्धांतून आठवड्यामागून आठवडे गुण जमवून तिने आपले स्थान राखले नसते, तर सानियाची जोडीदार होण्यास ती पात्रच ठरली नसती.

श्रीरामपूर ते हांगझोऊ

ऋतुजाचा जन्म १९९६ चा. तिने वेगळी वाट धरली. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून ती महाविद्यालयीन टेनिस खेळली. अमेरिकेतील विद्यापीठे गुणी खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. त्यात शिक्षण, प्रशिक्षक, मैदान आणि नियमित सामने यांची सोय होते. पदवी हातात पडते आणि खेळही सुटत नाही. पुण्याचा अर्जुन कढे हाही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या याच मार्गाने पुढे आला. या मार्गाची किंमत मात्र आहे. इतर खेळाडू ज्या वयात जागतिक क्रमवारीची शिडी चढत असतात, ती वर्षे विद्यापीठासाठी द्यावी लागतात.

परतल्यावर ऋतुजाने भारतीय संघात स्थान मिळविले. २०२० मध्ये दुबईत झालेल्या फेड कप स्पर्धेत भारताने प्रथमच जागतिक गटाच्या प्लेऑफपर्यंत मजल मारली. त्या संघात ती होती. कारकिर्दीचा कळस गाठला गेला तो ३० सप्टेंबर २०२३ रोजी. हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात रोहन बोपण्णा आणि ऋतुजा यांनी चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला. पण पुढचा ६-३ असा घेऊन निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला. सुवर्णपदक भारताच्या नावे झाले. तेव्हा बोपण्णा ४३ वर्षांचा होता आणि ऋतुजा २७ वर्षांची. आशियाई टेनिस सुवर्णाची महाराष्ट्राला यापूर्वीही ओळख होती. १९९४ मध्ये हिरोशिमा येथे लिअँडर पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर हा सांगलीच्या बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचा मुलगा. पण त्याच्या घरात खेळ होताच. श्रीरामपूर आणि बार्शीची गोष्ट निराळी आहे ती यामुळेच.

क्रमवारीचे गणित

टेनिसमध्ये निवड समिती ही भानगड बहुतांशी नाही. कोणत्या स्पर्धेत प्रवेश मिळणार, हे क्रमवारी ठरविते. ही क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतील कामगिरीवर बेतलेली असते. ग्रँड स्लॅम एकेरीच्या विजेत्याला २,००० गुण मिळतात. सर्वांत खालच्या पायरीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्याच्या पदरात पडतात अवघे १५ गुण. शिवाय मिळालेले गुण वर्ष उलटताच गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा त्याच सुमारास तेवढेच गुण पुन्हा मिळवावे लागतात. अन्यथा क्रमांक घसरतो. दुखापतीमुळे सहा महिने घरी बसलेल्या खेळाडूची क्रमवारी कशी कोसळते, याचे उत्तर येथे आहे.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जणांना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, १६ जण पात्रता फेरीतून येतात आणि ८ जणांना विशेष प्रवेशपत्रिका दिली जाते. जगात क्रमवारीत नाव असलेले हजाराहून अधिक खेळाडू या मोजक्या जागांसाठी झगडत असतात.

पैशाचे गणित

पालकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे ते येथे. तळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. ती सर्व खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या विजेत्याच्या वाट्याला दोन-सव्वादोन हजार डॉलर येतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला साधारण दीडशे डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या घरातील रक्कम मिळते. स्पर्धा परदेशात असेल तर विमानाचे तिकीटही त्यात भागत नाही. मुक्काम, जेवण, रॅकेटला वारंवार नवी तार बसविणे, व्हिसा हे सारे खर्च वेगळेच. प्रशिक्षक बरोबर नेल्यास खर्च दुप्पट होतो. त्यामुळे बहुतेक खेळाडू एकट्यानेच प्रवास करतात.

क्रिकेटपटूला संघ आणि मंडळ सांभाळते. टेनिसपटू हा मात्र स्वतःच आपला मालक, व्यवस्थापक आणि हिशेबनीस असतो. जिंकला नाही तर त्या आठवड्याची मिळकत जवळपास नाही, हा या व्यवसायाचा साधा आणि कठोर नियम आहे.

या दृष्टीने देशात होणाऱ्या स्पर्धांचे मोल मोठे आहे. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली आणि २०२३ पर्यंत बालेवाडीत झाली. त्यानंतर ती देशाबाहेर गेली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेल्या याच बालेवाडी संकुलात एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची लढत झाली. प्रार्थना तेव्हाही भारतीय संघात होती. भारताने प्लेऑफ गाठला. आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर आणि विमानखर्चाविना खेळण्याची संधी अशा स्पर्धा देतात.

दुहेरीचा दरवाजा

भारतीय खेळाडू दुहेरीकडे का वळतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुहेरीत अर्ध्याच मैदानाची जबाबदारी असते. ग्रँड स्लॅम वगळता बहुतेक स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो. शरीरावरचा ताण कमी, त्यामुळे कारकीर्द लांबते. बोपण्णाने वयाच्या ४३ व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले ते उगीच नव्हे. तोटा एवढाच, की दुहेरीची बक्षीस रक्कम एकेरीपेक्षा कमी असते आणि तीही दोघांत विभागली जाते. तरीही एकेरीत वाट अडलेल्या खेळाडूला ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धेचा दरवाजा दुहेरीच उघडून देते. प्रार्थना आणि ऋतुजा यांची पदके याची साक्ष आहेत.

साराजेव्होचा धडा

साधनांचा अभाव हा अडथळा आहे. पण तो अंतिम शब्द नव्हे, हे जगाच्या दुसऱ्या टोकाला एका खेळाडूने दाखविले. बोस्नियाचा दामिर जुमहूर २० मे १९९२ रोजी साराजेव्होत जन्मला, तेव्हा शहराला वेढा पडला होता आणि तोफगोळ्यांचा वर्षाव सुरू होता. वडील टेनिस प्रशिक्षक. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या झेत्रा संकुलाच्या परिसरात तो खेळ शिकला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत उतरणारा तो बोस्नियाचा पहिला पुरुष खेळाडू ठरला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेला. २०१७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथे, तर २०१८ मध्ये अंताल्या येथे त्याने एटीपी विजेतेपदे मिळविली. त्याच वर्षी तो जगात २३ व्या क्रमांकावर पोचला.

पुढे तो पहिल्या शंभरातून बाहेर फेकला गेला. पुन्हा खालच्या स्पर्धांत उतरून त्याने एकेक गुण जमविला आणि २०२४ मध्ये पहिल्या शंभरात परतला. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत कार्लोस अल्काराझकडून हरण्यापूर्वी त्याने एक सेट हिसकावून घेतला. बोस्नियाची लोकसंख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण दुप्पट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामगिरीचे वजन कळते.

कोकणापुढील प्रश्न

येथील अडचण वेगळी आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरील कोर्ट जवळपास निकामी असते. सलग सरावावर उभ्या असलेल्या खेळात चार महिन्यांचा खंड परवडत नाही. म्हणून कोकणात टेनिस रुजवायचे तर छताखालील एखादे तरी कोर्ट हवे आणि त्यासोबत नियमित येणारा प्रशिक्षक हवा. कोर्ट बांधले आणि प्रशिक्षक नाही, तर त्यावर क्रिकेटच खेळले जाईल.

ज्या पालकांच्या मनात हा खेळ आहे, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शिक्षण सोडू नये. खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. परदेशी शिष्यवृत्तीचा मार्गही शिक्षणातूनच जातो. दुसरी, यशाचे माप फक्त विम्बल्डन धरू नये. जगातील पहिल्या शंभरात न पोचताही देशासाठी पदक जिंकता येते, हे श्रीरामपूरच्या मुलीने सिद्ध केले आहे.

आरे-वारेच्या वाळूवरील चेंडू उद्या लगेच जाळीपलीकडे जाईल असे नाही. पण बार्शीतही तो एके काळी नव्हताच. तेथे कुणीतरी सुरुवात केली.