गाडी का तापते, आणि ती तापू नये म्हणून काय करायचं

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं रेडिएटरवर काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. शंका रास्त आहे. पण आमच्या न्यायदर्शनातलं सगळ्यात जुनं, घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आठवा: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आणि त्याच परंपरेने दिलेला इशाराही आठवा. वाफेला धूर समजलात, तर अनुमान चुकेल. घाटात बॉनेटमधून पांढरं काही बाहेर येत असलेला ट्रक दिसला, की हाच प्रश्न उभा राहतो. दिसतं आहे ते कशाचं लक्षण, आणि त्यामागचं कारण कोणतं? आजचं सगळं बोलणं या दोन शब्दांतल्या फरकावर आहे.

आधी उष्णता किती असते ते बघू. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत जाते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुरासोबत जाते, आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. आता खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा २५ टनांचा ट्रक घ्या. चढण सुमारे ५०० मीटरची. एवढं वजन एवढं उंच न्यायला साधारण १२ कोटी ज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या उचलण्यासाठी दहाएक लिटर डिझेल. त्यातली चौथाई उष्णता जरी पाण्यात गेली, तरी तेवढ्यात ३०० लिटर पाणी उकळीला येईल. ट्रकमध्ये पाणी असतं त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे तेच थोडं पाणी पुन्हा पुन्हा फिरवून, पुन्हा पुन्हा थंड करून हा घाट चढायचा असतो. पाणी फिरलं पाहिजे आणि रेडिएटरमधून हवा गेली पाहिजे. या दोहोंपैकी एक अडलं, की काटा लाल रेषेकडे सरकतो.

हवा का अडते? रेडिएटरच्या जाळीत धूळ, पाचट, कापसाचे तंतू, किडे बसतात. टर्बो असलेल्या ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, आणि बहुतेक कचरा त्या दोघांच्या फटीत साचतो. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं! म्हणून धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हलक्या दाबाने पाणी मारायचं. जोरात मारलं तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. फॅनभोवतीचं आवरण मोडलं म्हणून काढून टाकलेलं आपण पुष्कळदा पाहतो. मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो. मोठ्या ट्रकला फॅनच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन तापल्यावर तो फॅनला घट्ट पकडतो. तो निकामी झाला, तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही, घाटात कळतं.

पाणी का अडतं? बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं, की चहाच्या पातेल्यात बसतो तसा क्षारांचा थर आतल्या नळ्यांत बसतो. क्षार उष्णता अडवतात, आणि गंज वॉटर पंप खातो. म्हणून कूलंट. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं घेतलं, की उकळबिंदू थोडा वाढतो. पण आपल्याकडच्या हवेत त्याचं मोठं काम गंज रोखण्याचं आहे. ते ठरल्या मुदतीत बदलायचं, कारण गंजरोधक रसायनं झिजतात. जोडीला फॅन बेल्टचा ताण आणि होज पाईप बघायचे. पाईप दाबल्यावर कडक किंवा लिबलिबीत लागला, तर बदलायचा.

आता थर्मोस्टॅट. ही एक छोटी झडप. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेस्तोवर ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. कितीतरी गॅरेजांत गाडी तापली की पहिला उपाय ठरलेला: थर्मोस्टॅट काढून फेका. अडथळा काढला म्हणजे पाणी जास्त फिरेल, हे वरवर पटतंही. पण मग इंजिन योग्य तापमानाला उशिरा येतं, तेल जाड राहतं, झीज आणि इंधन दोन्ही वाढतं. शिवाय काही इंजिनांत ही झडप उघडताना पाण्याची मधली आडवाट बंद करते. ती काढली, तर बरंचसं पाणी रेडिएटर टाळूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. एखादी वस्तू कशासाठी आहे ते कळलं नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. बिघडली असेल तर त्याच मापाची नवी बसवावी.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण हौशी लोकांकडे पद्मिनी आणि ॲम्बेसेडर अजून आहेत. अशा गाड्यांत फॅन बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या गतीवर चालतो. सिग्नलला गाडी उभी की फॅन मंद, आणि समोरून वाराही नाही. तिथे न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवावा. चढावर गाडी रखडायच्या आधीच खालचा गिअर घ्यावा, म्हणजे फॅन आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. टायमिंग मागे गेलं असेल किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देत असेल, तरी इंजिन तापतं. तेव्हा रेडिएटरला दोष देण्यात अर्थ नाही. आणि उन्हात गाडी एकदम बंद पडली, पण काटा ठीक आहे, तर बहुधा पंपात किंवा नळीत पेट्रोलचीच वाफ झालेली असते. पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचा जुना ड्रायव्हरांचा उपाय तिथे खरा लागू पडतो.

रेडिएटरचं टोपण नुसतं झाकण नव्हे. ते आत दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की उकळबिंदू वाढतो. हवेच्या दाबावर आणखी एक बार दाब असला, तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या सुमारास उकळतं. म्हणून जुन्या रेडिएटरला जास्त दाबाचं टोपण लावू नये, त्याचे सांधे फुटतात. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं टोपण उघडायचं नाही. आत ११० अंशांचं पाणी दाबामुळे पाणीच राहिलेलं असतं. टोपण फिरवताच दाब जातो आणि त्यातल्या काही भागाची त्या क्षणी वाफ होते. तीच उरलेलं उकळतं पाणी उसळवून तोंडावर, छातीवर आणते. भाजतो तो बहुधा क्लीनर, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, कारण 'बघ रे पाणी' असं त्यालाच सांगितलेलं असतं.

मग करायचं काय? काटा चढू लागला, पण वाफ नाही, तर एसी बंद करा, जमल्यास हीटर चालू करा, आणि सुरक्षित जागी बाजूला घ्या. न्यूट्रलमध्ये इंजिन जरा जोरात चालू ठेवा. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद. अर्धा तास तरी हात लावू नका. नंतर जाड फडकं घेऊन टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या, आणि पाणी हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं, तर ब्लॉक किंवा हेड तडकू शकतं.

एक सावधगिरी. सगळं पाणी गळून गेलं, तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, संकट टळलं. तिकडे इंजिन सीझ व्हायच्या बेतात असतं. काटा पाण्याबद्दल बोलतो, इंजिनाबद्दल नव्हे. म्हणून अचानक खाली आलेल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. थांबा.

आणि या 'थांबा'पाशी प्रश्न तंत्राचा राहत नाही. अर्धा तास थांबणं चालकाच्या हातात असतं का? माल वेळेत पोचला नाही तर पैसे कापणार, हे माहीत असलेला माणूस गरम टोपणालाच हात घालणार. तेव्हा आज ऐकणाऱ्यांत कोणी ट्रकमालक असतील, तर त्यांना आपली विनंती एवढीच: कूलंट आणि बेल्टच्या खर्चासोबत घाटातला तो अर्धा तासही हिशेबात धरा, आणि तसं चालकाला तोंडाने सांगून ठेवा. आता प्रश्न घेऊ.