जनुक गप्प करून औषधाची पारख

कर्करोगाचे तेच औषध एका रुग्णाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञ कर्कपेशीतले एकेक जनुक गप्प करून पाहतात. जनुकाचा निरोप आरएनए वाहून नेतो. त्याला जुळणारा छोटा आरएनए पेशीत सोडला, की पेशीच तो निरोप नष्ट करते आणि प्रथिन बनणे घटते. या शोधासाठी फायर व मेलो या शास्त्रज्ञांना २००६ चे नोबेल मिळाले.

खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात सोराब दलाल यांच्या गटाने असेच जनुक गप्प करून मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींत ‘लिपोकॅलिन-२’ हे प्रथिन घटवले, तेव्हा त्या ५-फ्लुरोयुरॅसिल या औषधाला अधिक दाद देऊ लागल्या. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, उपचार नव्हे. म्हणून रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बदलू नये.